आमच्या साडूंना काहीही ठाऊक नाही

आमच्या साडूंइतका अडाणी माणूस अख्ख्या वाशिम जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही, आणि तरीही काही विचारायचे झाले की निम्मा जिल्हा त्यांच्याकडेच जातो, हे माझे फार जुने दुखणे आहे. 'अडाणी' हा शब्द मी रागाने वापरत नाही. म्हणजे, रागानेच वापरतो. पण तो मुळात त्यांचाच आहे. समोर कोणीही येऊन उभे राहिले की त्यांचे पहिले वाक्य ठरलेले, "मले त बाप्पा काई येत नाई. सांगा, काय पाह्यजे?" एवढे ऐकून माणसाने परत फिरावे की नाही? तो फिरत नाही. तो चपला काढतो, बाकावर ऐसपैस बसतो आणि पोटातले सगळे सांगायला लागतो. याउलट मी. मी एकतीस वर्षे हायस्कुलात मराठी आणि इतिहास शिकवला. मला पुष्कळ येते. तसे मी सांगतोही. माझ्या ओट्यावर कुत्रे बसते.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. शेलूबाजारला बाजारओळीच्या मागे सार्वजनिक वाचनालय आहे. दोन खोल्या, वर टीन, दारात कडुलिंब. तिथे ते मिसरूड फुटल्यापासून ग्रंथपाल. माझे घर नेमके त्याच गल्लीत, चार घरे अलीकडे. त्यामुळे काहीतरी विचारायला निघालेला प्रत्येक माणूस आधी माझ्यावरून जातो. "नमस्कार गुरुजी," म्हणतो. मी चष्मा पुसून, घसा साफ करून तयारीत बसलेला असतो. तोवर तो पुढे गेलेला असतो.

आता ज्या माणसाला काही येत नाही त्याने निदान लवकर तरी 'नाही' म्हणावे. साडू ते करत नाहीत. त्यांना कशाचेही उत्तर तोंडी देता येत नाही. प्रत्येक गोष्ट त्यांना पाहून सांगावी लागते. पावसाळा कधी संपतो, हे विचारले तरी ते कपाटाकडे जातील. त्यांच्या लग्नात भटजींनी पाटावर बसलेल्या या नवरदेवाला आजोबांचे नाव विचारले, तर हे "थांबा, पाहून सांगतो," म्हणून उठायला लागले, असे आमच्या सासूबाई सांगायच्या. सांगून पोटभर हसायच्या आणि वर म्हणायच्या, "जावाई असावा त असा. खोटं म्हणून तोंडातून निघाचं नाई." मी माझ्या लग्नात सात पिढ्या घडाघडा म्हणून दाखवल्या होत्या. त्याची गोष्ट सासरी कोणी कधी सांगितली नाही.

त्यांची दुसरी खोड म्हणजे उलट प्रश्न विचारण्याची. कायले पाह्यजे, कोणासाठी पाह्यजे, आन कवापर्यंत पाह्यजे, हे तीन प्रश्न झाल्याशिवाय ते खुर्चीतून उठत नाहीत. एकदा मेडशीचे एक गृहस्थ तणतणत आले. त्यांना कायद्याचे पुस्तक हवे होते, तेही सगळ्यात जाडे. मी तेव्हा तिथे पेपर वाचत बसलो होतो. मी साडूंच्या जागी असतो तर राज्यघटनाच काढून हातात ठेवली असती. साडूंनी त्यांना पाणी दिले आणि आपले तीन प्रश्न सुरू केले. पंधरा-वीस मिनिटांनी कळले ते असे, की त्यांच्या तुरीच्या वावरात विजेचा एक खांब वाकला होता, तारा डोक्याला लागतील एवढ्या खाली आल्या होत्या, आणि तोंडी सांगून कोणी ऐकत नव्हते. साडूंनी आतल्या फायलीतून अर्जाचा एक नमुना काढला, कोणत्या साहेबाच्या नावाने लिहायचा ते दाखवले, पोच घ्यायला बजावले आणि म्हणाले, "कायदा राहू द्या आपल्या जागी. हे एक पान घेऊन जा." ते गृहस्थ जाताना असे खूश दिसत होते, की जणू खांब साडूंनीच सरळ केला. मला पेपरमधली एकही ओळ धड लागली नाही.

त्यांचा तिसरा गुण तर माझ्या घरात शिरला. कोण काय वाचते, हे ते मरेपर्यंत सांगत नाहीत. माझी बायको मंगळवारी आणि शुक्रवारी वाचनालयात जाते. येताना पिशवीत काहीतरी झाकून आणते. दुपारी आतल्या खोलीत दार लोटून वाचते आणि जेवताना अचानक म्हणते, "भाऊजींनं लय चांगलं पुस्तक देल्लं ह्या खेपी." मी भाषा शिकवणारा माणूस, लग्नाला छत्तीस वर्षे झाली, 'मी काय वाचू?' असे तिने मला एकदाही विचारलेले नाही. शेवटी एक दिवस मी साडूंना गाठून विचारले, "आमच्या घरून सध्या कोणते पुस्तक नेले आहे?"

"मास्तर, ते सांगता येत नाई."

"अहो, माझी बायको आहे ती!"

"म्हणूनच त नाई सांगत," ते म्हणाले आणि वर्तमानपत्रे लावायला लागले.

मग मी मोठा मोबाइल घेतला. जगातली सगळी पुस्तके एका डबीत आल्यावर साडूंच्या दोन खोल्यांचे काय मोल उरणार, असा माझा हिशोब होता. मी ओट्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारून सांगू लागलो, विचारा, काय हवे ते विचारा. एक मळेवाले खरेच थांबले. त्यांच्या वांग्याची पाने बारीक होऊन झाडाला गुच्छ धरत होते. मी तिथल्या तिथे फोनमध्ये पाहिले आणि खताचा डोस सांगितला. दहा दिवसांनी त्यांच्या वाफ्यात वांगे एक नव्हते, गुच्छ मात्र हिरवेगार झाले होते. मग ते साडूंकडे गेले. साडू म्हणाले, "पान कसं हाय ते सांगू नका. झाडच उपटा, वल्या पोत्यात गुंडाळा आन कृषी केंद्रावर नेऊन दाखवा." तिथल्या माणसाने पाहताच रोग ओळखला, लागलेली झाडे उपटून जाळायला सांगितली, म्हणून उरलेला अर्धा मळा वाचला. मळेवाले दुसऱ्या दिवसापासून गल्लीच्या पलीकडच्या बाजूने जाऊ लागले.

इथवर मी जे सांगितले ते हसण्यावारी नेता येईल. पुढचे तसे नाही.

आमच्या गावाच्या कडेला कांताबाई नावाच्या माळीण बाईंचा भाजीचा मळा आहे. बाजारात त्यांचे दुकान असते. त्यांची मुलगी वैष्णवी बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली आणि तिचा नर्सिंगला नंबर लागला. पण जात पडताळणीचे प्रमाणपत्र अडले. त्यासाठी आजोबा-पणजोबांच्या काळातला, जात लिहिलेला कागद हवा होता. मी शाळेतला जुना माणूस म्हणून कांताबाई आधी माझ्याकडे आल्या. होय, आधी माझ्याकडे! मी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि विचारले, "आजोबा कोणत्या शाळेत होते?"

"आजा कायचा शाळेत जाते, गुरुजी? थो त इंझोरीले ढोरं चारे. मंग इकडं आला."

"मग दाखला नाही. आणि दाखला नाही तर पुरावा नाही. विषय संपला." मी अगदी स्पष्ट सांगितले. माझ्या स्पष्टपणाचे मला तेव्हा कौतुकही वाटले. वैष्णवी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. कांताबाई उठल्या आणि, व्हायचे तेच झाले, दोघी चार घरे पुढे गेल्या.

तिथे त्यांना ते तीन प्रश्न विचारले गेले असणार. मग साडूंनी चौथा विचारला. आजा शिकला नाही हे ठीक. पण आजाला भाऊ होता का? बहीण होती का? बहीण होती, इंझोरीलाच जन्मलेली, लहानपणीच गेलेली. साडू म्हणाले, जन्माला आली म्हणजे कोतवालानं लेहलीच असन. पूर्वी गावातले जन्म आणि मृत्यू कोतवालाच्या बुकात लिहून तहसिलीत जात, आणि बापाच्या नावापुढे जात लिहीत. पण त्या काळी इंझोरीचा कारभार कोणत्या तहसिलीकडे होता, हे कोणाला माहीत? साडूंना अर्थातच माहीत नव्हते. त्यांनी दोन दिवस गावांच्या जुन्या याद्या चाळल्या, एका चिठ्ठीवर तहसिलीचे नाव, अंदाजे साल आणि अर्ज कसा करायचा ते लिहिले आणि मायलेकींना पाठवले. तिथल्या एका भल्या कारकुनाने त्या सालांची पाने शोधून त्यांच्या झेरॉक्स दिल्या.

पाने मिळाली, पण ती मोडी लिपीत होती. आणि चौथ्या दिवशी वैष्णवी ते भेंडोळे घेऊन माझ्या ओट्यावर उभी राहिली.

"वाचनालयातल्या काकाईनं धाडलं," ती म्हणाली. "म्हणे, मोडी गावात फक्त गुरुजीले येते. सरकारी शिक्क्याचं वाचन अकोल्याले होईन, पण आपलं पान कोणतं ते आधी कळलं पाह्यजे. आठ दिवस राह्यले, गुरुजी."

तिशीत असताना मी मोडीचे पंधरा दिवसांचे शिबिर केले होते. त्याचे प्रमाणपत्र बैठकीत टांगलेले आहे. त्यानंतर मोडीचे एक अक्षर मी वाचलेले नव्हते. हे त्या मुलीला सांगायला हवे होते. मी भारदस्तपणे कागद घेतले आणि म्हणालो, "ठेवून जा. पाहतो."

रात्र सोडून सगळा वेळ मी त्या पानांकडे पाहिले. लेखणी न उचलता ओढलेल्या त्या ओळी, वर एक लांब रेघ आणि खाली नुसती गुंतवळ. एक अक्षर ओळखावे तर दुसरे तसेच दिसे. वैष्णवी रोज संध्याकाळी येई आणि पायरीखालीच उभी राहून विचारी, "वाचून झालं काय, गुरुजी?" मी म्हणे, "अवघड आहे. शाई पुसट आहे." शाई काही पुसट नव्हती. आणि आता जे लिहितो ते लिहिताना मला शरम वाटते. मला वाचता येत नव्हते, एवढेच नव्हते. माझ्या मनात एक बारीकसा विचार होता, की हे कागद कोणालाच वाचता आले नाहीत तर माझेच म्हणणे खरे ठरेल. विषय संपलाच होता, असे गावाला दिसेल. आणि एकदा, आयुष्यात एकदा तरी, साडूंकडे गेलेला माणूस रिकाम्या हाताने परत आला असे होईल. तीन दिवस मी हा विचार मनात ठेवला. पाळला म्हटले तरी चालेल.

तिसऱ्या संध्याकाळी वैष्णवी म्हणाली, "नाई जमलं तरी राहू द्या, गुरुजी. तुमाले लय तरास होऊन राह्यला." मागे कांताबाई टोपली घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "तिच्या मामानं पोरगा पाहून ठेवला हाय. यंदा अ‍ॅडमिशन नाई झालं त उरकून टाकू म्हणते थो. मी तरी कुठलोक अडवू त्याले?" त्यांनी ते तक्रार म्हणून सांगितले नाही. पाऊसपाणी सांगावे तसे सांगितले. वैष्णवी आपल्या चपलांकडे पाहत होती.

सकाळी वाचनालय उघडताच मी गेलो. मागच्या बोळातून गेलो, कोणी पाहू नये म्हणून. साडू टेबल पुसत होते. इतकी वर्षे मी तिथे पेपर वाचायला जात होतो. काही मागायला त्या दिवशी पहिल्यांदा गेलो. मी घसा खाकरला आणि म्हणालो, "मोडीची बाराखडी असलेले एखादे पुस्तक असेल का?"

मला वाटले, आता विचारणार. कायले पाह्यजे? कोणासाठी पाह्यजे? त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. टेबलाचा खण ओढला आणि पुस्तक बाहेर काढले. सोबत भिंगही होते.

"हे कधी काढून ठेवले?"

"पोरीले तुमच्याकडं धाडलं, त्याच दिवशी."

"मग दिले का नाही मला? तीन दिवस झाले!"

"तुमी मांगतलं कुठी, मास्तर?" ते म्हणाले. मग माझ्याकडे न पाहता, "न मांगता आणून देल्लं असतं त तुमी ते उघडलं असतं काय?"

उघडले नसते.

"पण मला मोडी येते हे तुम्हाला कोणी सांगितले?" मी विचारले. तेव्हा त्यांनी खणातून एक लाकडी पेटी काढली. त्यात पुस्तकांच्या नव्हे, माणसांच्या चिठ्ठ्या होत्या. गावात कोणाला काय येते त्याची नोंद. कोणाला पाळण्याची जुनी गाणी पाठ होती, कोणाला बंद पडलेली घड्याळे चालू करता येत होती, कोणी मुंबईच्या दवाखान्यात चार महिने काढून तिथल्या सगळ्या खिडक्या पाठ करून आला होता. "जे पुस्तकात नाई, त्याच्यासाठी," ते म्हणाले. माझी चिठ्ठी त्यांनी स्वतःहून दाखवली नाही. मी हिसकूनच घेतली. त्यांच्या बारीक अक्षरात लिहिले होते, 'मोडी वाचतात. सवय गेली असेल, पण बसले तर वाचतील. सकाळी चहा झाल्यावर विचारावे.'

आम्ही आतल्या खोलीत बसलो. ते भिंग धरायचे, मी अक्षर लावायचो. ते प्रत्येक अक्षर बाराखडीशी ताडून पाहायचे आणि मी वैतागायचो. सहाव्या पानावर मला 'माळी' दिसले. मग त्याच्या अलीकडचे शब्द हळूहळू उघडले. लक्ष्मण वल्द गोविंदा, म्हणजे गोविंदाचा मुलगा लक्ष्मण. जात माळी. मुलगी. मौजे इंझोरी. लक्ष्मण हा वैष्णवीचा पणजोबा. कांताबाईंनी सांगितलेले नाव साडूंच्या चिठ्ठीवर होतेच. मी इतक्या मोठ्याने ओरडलो, की बाहेर पेपर वाचणारे दोघे आत आले. साडूंनी पुन्हा एकदा सगळे शब्द ताडून पाहिले आणि म्हणाले, "जा मास्तर. तुमीच सांगा."

बाजाराचा दिवस होता. मी कागद हातात धरून, जिपांच्या गर्दीतून वाट काढत, या वयात अक्षरशः पळत कांताबाईंच्या दुकानापर्यंत गेलो. सगळी ओळ वाचून दाखवली. वैष्णवीने तोंडावर ओढणी दाबली. कांताबाईंनी तराजू खाली ठेवला, पदराने डोळे पुसले, आणि मला काय म्हणाव्यात?

"वाचनालयातल्या भाऊले सांगतलं काय?"

माझी खात्री आहे, की मी मेल्यावर चित्रगुप्तही माझी वही उघडून हेच विचारणार आहे.

त्या पानाची नक्कल निघाली, अकोल्याहून शिक्क्याचे वाचन आले, पडताळणी मुदतीच्या एक दिवस आधी झाली. वैष्णवी आता दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षी सुट्टीत आली की दोन्ही घरी यायची. आधी त्यांच्याकडे जायची. मी पाहत असे.

मी अजून ते इथेच असल्यासारखे बोलतो, पण गेल्या वर्षी साडू निवृत्त झाले. त्यांच्या एकुलत्या मुलीने नाशिकला घर घेतले आणि दोघांना घेऊन गेली. वाचनालयात आता एक तरुण बाई बसतात. हुशार आहेत, चटकन बोलतात. तक्रार करायला जागा नाही. मी मात्र साडू गेल्यानंतरचा पहिला महिना फार मजेत जाईल असे धरून चाललो होतो, आणि तसे झाले नाही. दिवाळीच्या सुमारास त्यांचा फोन आला. नाशिकचे वाचनालय केवढे मोठे, किती मजले, सगळे सांगितले. मग म्हणाले, "बसाले गेलो होतो. पण इथी कोणी मले काई इचारत नाई, मास्तर. कोण इचारन? कोणी वळखतच नाई." आणि हसले. मला ते हसणे आवडले नाही.

तेव्हापासून दर रविवारी मी त्यांना फोन करतो आणि काहीतरी विचारतो. खरे प्रश्न पहिल्या दोन महिन्यांत संपले. आता मला आठवडाभर डोके खाजवून एखादा शोधून काढावा लागतो. फार सोपा चालत नाही. त्यांना लगेच कळेल. मागच्या रविवारी मी विचारले, "मेडशीकडून आपल्या गावी मुक्कामी एसटी पहिल्यांदा कोणत्या वर्षी सुरू झाली हो?"

"कायले पाह्यजे?" त्यांनी विचारले. आवाज एकदम ताजा झाला होता.

"एक लेख लिहितो आहे," मी दडपून सांगितले.

"कवापर्यंत?"

"घाई नाही."

"मले त काई माहीत नाई बाप्पा. पण थांबा. इथल्या वाचनालयात जुन्या पेपरच्या फायली हायेत म्हणते. उद्या जातो."

बायको बाजूलाच मेथी निवडत बसली होती. फोनचा आवाज मोठा होता. ती एकदम म्हणाली, "कोणत्या वर्षी काय इचारता? लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आपण त्याच गाडीनं त आलो होतो! पह्यलीच गाडी होती, हार घातले होते तिले—"

मी हात वर करून तिला गप्प केले. पलीकडून कागदाचा आवाज येत होता. साडू लिहून घेत होते.